मडकंफोडीचा चढ आणि आमची करडी गाडी

काही माणसं कंटाळा आला की उठून फ्रिज उघडून बघतात. आत काही नाही हे माहीत असतं, तरी बघतात. आमचा जावई विरुन गाडीचं बॉनेट उघडून बघतो. जेवण झालं, बॉनेट. पाऊस थांबला, बॉनेट. माझ्या लेकीशी, अरुनीशी, वाजलं तर अख्खी दुपार बॉनेट. डोकं आत, पाय बाहेर, आणि हाक मारली की आतूनच "हो आई". या "हो आई"वर भरवसा ठेवून मी आयुष्यात बरंच नुकसान करून घेतलंय. त्याचा अर्थ "ऐकलं" असा नसतो, "आवाज पोचला" एवढाच असतो. आमच्याकडे नांदायला आला त्याला सहा वर्षं झाली. एवढ्या काळात शेजारच्या कुत्र्यालाही कळलं की मी, बुआबान, बोलते तेव्हा कान टवकारायचे असतात.

मी चौथी शिकले. लिहायची मला हौस नाही. पण घंटेची हकिगत शेजारची प्रानॉम सगळीकडे सांगत फिरते, आणि तिच्या सांगण्यात माझा घाम तेवढा राहतो, बाकीचं सगळं गळतं. म्हणून मीच लिहिते.

तर आमच्या गावच्या टेकडीवर विहार आहे आणि विहाराला जाणारा जो रस्ता आहे त्याच्या शेवटच्या टप्प्याला मडकंफोडीचा चढ म्हणतात. पूर्वी बाया डोक्यावरून भाताची मडकी न्यायच्या, त्यातली अर्धी इथे फुटायची. आता डांबर आहे, पण चढ तोच आहे. डांबर टाकल्यानं टेकडी काही बसत नाही. गेल्या वर्षी कठिन चीवरदानाच्या, म्हणजे भिक्खूंना नवी वस्त्रं द्यायच्या, मिरवणुकीत आमची पिकअप या चढावर थांबली. नुसती थांबली असती तर चाललं असतं. ती मागे यायला लागली. मागून प्रानॉमची लाल गाडी येत होती. तिच्या लेकानं दोर लावला, आणि माझी गाडी, चीवरं, केळीचे खांब आणि मी, सगळी वरात प्रानॉमच्या शेपटीला बांधून विहारात पोचली. वर गेल्यावर ती अख्ख्या गावासमोर म्हणाली, "बुआबान, पुढच्या खेपेला म्हैस आण गं. म्हैस निदान हंबरून सांगते तरी."

सगळे हसले. भंतेजीसुद्धा हसले, पण ते दुसऱ्याच कशाला तरी हसले असावेत असं मी मानते.

यंदा विहाराला नवी घंटा आली. साडेआठशे किलोची, पितळी. ती वर कोणाच्या गाडीतून जायची यावर बैठक बसली. प्रानॉम पुढेच बसली होती, कपाळाला पावडर लावून, म्हणजे ठरल्यासारखंच. भंतेजींनी विचारलं, "मग? लाल गाडीच का?" आणि माझं तोंड माझ्याआधी उठून उभं राहिलं.

"घंटा माझ्या गाडीतून जाईल."

प्रानॉम म्हणाली, "म्हशीच्या गाडीतून?"

"माझ्या गाडीतून. आणि चढावर एकदाही न थांबता जाईल."

भंतेजी शांत माणूस. ते म्हणाले, "बुआबान बोलली तर बोलली. पण घंटा वाटेत अडकून राहणं बरं नाही. लाल गाडी मागून रिकामी येईल. करडी गाडी चढावर थांबली, तर घंटा तिथेच लाल गाडीत चढवायची." आणि विषय संपला. माझ्याजवळ चाळीस दिवस होते, अकरा वर्षं कोबी वाहिलेली एक गाडी होती, आणि विरुन होता.

घरी आल्यावर विरुनला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा लग्नात झाला नव्हता तेवढा उजळला. "आई, मग आपण गाडीचा जोर वाढवू!" म्हणजे हा माणूस सहा वर्षं याच दिवसाची वाट बघत होता. त्याच्या फोनमध्ये सगळं तयार होतं. काळा धूर सोडत पळणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ एकामागून एक दाखवायला लागला. मी म्हटलं, "यांतली एक तरी गाडी काही वाहून नेताना दाखव." तो म्हणाला, "हो आई," आणि पुढची पळणारी गाडी दाखवली.

गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी नूडल खायला बसले तर माझ्या वाडग्याभोवती सल्लागारांची रांग. प्रासित मास्तर निवृत्त झाल्यापासून विद्यार्थी शोधत असतात. ते म्हणाले, "बुआबान, भौतिकशास्त्र सांगतं की वजन कमी करा. मागचं फाळकं काढा, जादा चाक काढा, सीट काढा."

"आणि विरुन कशावर बसेल मास्तर? भौतिकशास्त्रावर?"

नूडलवाली म्हणाली चाकं मोठी घाल. तिच्या नवऱ्यानं सांगितलं चाकं बारीक घाल. डाकवाला आला तो पत्र न देताच सांगून गेला की डिझेलमध्ये अमुक तेल टाका. या देशात आजारी माणसाला आणि चढ न चढणाऱ्या गाडीला औषध सांगायला परवाना लागत नाही.

थोंगमुआन मिस्त्री मात्र खरा माणूस. त्याचं गॅरेज सडकेच्या वळणावर, पोट गाडीच्या टाकीएवढं, आणि नियम एक: गाडीच्या देवीची परवानगी घेतल्याशिवाय तो पाना उचलत नाही. प्रत्येक गाडीत एक देवी असते, पुढच्या भागात बसते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मी झेंडूचा हार, लाल सोड्याची बाटली आणि उदबत्त्या घेऊन गेले. हात जोडून म्हटलं, "बाई, तुझ्या पोटात जरा उलथापालथ करणार आहोत. राग धरू नकोस. आम्हा बायकांना असल्या गोष्टींची सवयच असते." सोड्यात नळी घालून ठेवली. मग थोंगमुआननं बॉनेट उघडलं.

पहिली आली ती पेटी. काडेपेटीएवढी. विरुन म्हणाला, ही गाडीच्या संगणकाला सांगते की डिझेल कमी पडतंय, मग तो जास्त सोडतो.

"पण कमी पडत नसतं?"

"नाही आई."

"म्हणजे गाडीला खोटं बोलायला शिकवायचं."

"थोडंसं, आई."

पेटी बसवून विरुननं अंगणात गाडी सुरू केली आणि पाय दाबला. मागून जो धूर निघाला तो आमच्या चिंचेच्या झाडावरून, कुंपणावरून, थेट प्रानॉमच्या दोरीवर गेला. दोरीवर तिचे उपोसथाचे, म्हणजे विहारात व्रताला बसायचे, कपडे वाळत होते. पाच जोड्या, सगळ्या पांढऱ्या. मी कबूल करते की क्षणभर मला वाईट वाटलं नाही.

प्रानॉम कुंपणाशी आली, हातात करडा झालेला पदर. "बुआबान! हे काय गं?"

"तुझा रंग माझ्या गाडीशी जुळला आता," मी म्हटलं. पण साबण मीच पाठवला. अरुनीच्या हातून. माणसानं भांडताना स्वच्छता सोडू नये.

आता सरकारी गंमत. गाडीची वार्षिक तपासणी त्याच आठवड्यात आली. तपासणी केंद्रावर एक नवा साहेब बसला होता, इस्त्री अशी की वाकला तर मोडेल. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या काचेशी थांबला. तिथे चिकटपट्टी आहे: "ही गाडी पिवळी आहे." गाडी घेतली तेव्हा ज्योतिषानं सांगितलं होतं की करडा रंग माझ्या जन्मवाराला वाईट, पिवळा पाहिजे. पिवळी गाडी शिल्लक नव्हती. अशा वेळी सगळेच लिहून टाकतात आणि नशिबाला वाचता येतं.

साहेब म्हणाला, "नोंदणीत रंग करडा आहे. इथे पिवळी लिहिलंय."

"मग डोळ्यांनी बघा ना साहेब."

"आजी, लेखी आहे. रंग बदलला असेल तर अर्ज करावा लागतो."

मी त्याच्या टेबलाकडे बघितलं. तिथे पाटी होती: "हसतमुखाने सेवा." म्हटलं, "साहेब, ह्याचा अर्ज तुम्ही कुठे भरला होता?"

मागच्या रांगेतले लोक हसले. साहेबाचे कान लाल झाले, त्यानं चिकटपट्टीचा विषय सोडला आणि सगळा राग सायलेन्सरवर काढला. नळीला पांढरा कागद लावला, विरुनला पाय दाबायला सांगितलं. कागद बाहेर आला तो तव्याच्या बुडासारखा. नापास. मी शाळेतसुद्धा इतक्या लोकांसमोर नापास झाले नव्हते. शिक्का नाही तर मिरवणुकीला गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. चौकात पोलीस असतो, आणि तो प्रानॉमचा भाचा आहे.

"मोठा टर्बो," घरी येताना विरुन म्हणाला. "डिझेल जास्त झालं म्हणून धूर. हवा जास्त दिली की डिझेल जळेल. आई, हे शास्त्र आहे." शास्त्र खरं निघालं, हे मी लपवणार नाही. टर्बो म्हणजे गोगलगाईसारखा दिसणारा, इंजिनात हवा कोंबणारा पंखा. नव्या मोठ्या गोगलगाईनं धूर कमी केला, साहेबाचा कागद राखी रंगाचा निघाला, शिक्का बसला. विरुन तर शिट्टी वाजवत चालायला लागला, कारण गाडीही शिट्टी वाजवायला लागली होती.

मग चाचणी. गाडीत वाळूची पोती घातली, साडेआठशे किलो, मोजून. मी आणि थोंगमुआन चढाच्या पायथ्याशी उभे राहिलो. विरुन लांबून सुसाट आला, गाडीनं चढ असा घेतला जसा मांजर भिंत घेते, आणि वर जाऊन तीनदा हॉर्न वाजवला. थोंगमुआन टाळ्या वाजवत होता. विरुन खाली आला तो शर्टाची कॉलर वर करूनच उतरला.

"झालं, आई! घंटा वर पोचली समजा."

मला काहीतरी टोचत होतं, आणि मला टोचलं की मी गप्प बसते. म्हणून घरातले माझ्या गप्प बसण्याला बोलण्यापेक्षा जास्त घाबरतात. मी चढाकडे बघितलं. मिरवणूक डोळ्यांसमोर आणली. पुढे लांब ढोल, ढोलामागे नाचणाऱ्या बायका, बायकांमागे गाडी. आणि मला गेल्या वर्षीचं दुखणं एकदम कळलं.

"विरुन, ह्या रस्त्यानं मिरवणुकीत गाडी सुसाट कशी येईल रे? नूडलवालीला उडवून?"

विरुनची कॉलर आपोआप खाली आली.

"गाडी वळव. पायथ्याशी घे. आता मी पुढे नाचते, तू माझ्यामागून ये."

थोंगमुआन म्हणाला, "मावशी, तुम्ही?"

"तू टाळ्या वाजव."

मी बासष्ट वर्षांची आहे. भर दुपारी, रिकाम्या रस्त्यावर, ढोल नाही, बाजा नाही, एक मिस्त्री टाळ्या देतोय आणि मी हात फिरवत, पावलं टाकत मडकंफोडीचा चढ चढतेय, आणि मागे वाळूनं भरलेली गाडी. त्याच वेळी भाजीची मोटार वरून उतरली. ड्रायव्हरनं वेग कमी केला, आम्हाला बघितलं, हात जोडले आणि निघून गेला. संध्याकाळपर्यंत गावात खबर होती की बुआबानच्या अंगात आलंय. दोघी जणी तर लॉटरीचा आकडा विचारायला आल्या.

पण तो नाच फुकट गेला नाही. पन्नास पावलं झाली नसतील, मागून असा वास आला की कोणाचीतरी कोळंबीची चटणी तव्याला लागली. क्लच जळत होता. ती मोठी गोगलगाय वेगात गाडी पळवते, पण नाचाच्या चालीला तिला दमच येत नव्हता. विरुन क्लच अर्धा दाबून, सोडून, दाबून गाडी रेटत होता. आणखी वीस पावलं आणि गाडी मेली. मी वळून बघितलं. विरुन स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता.

मी त्याला ओरडले नाही. माझा दमच गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसले. म्हटलं, "थोंगमुआन, आजपर्यंत हे पोरगं गाडीला पळायचं औषध देत होतं. मला पळायचं नाही. मला हळू चढायचंय. सांग."

"म्हणजे कसं मावशी?"

"आम्ही चिंचा काढायला शिडी लावतो. म्हाताऱ्या बाईला चढायचं असलं तर शिडी उंच करतो का? पायऱ्या जवळजवळ करतो. पावलं जास्त पडतात, पण पोचते. गाडीला अशा पायऱ्या असतात का कुठे?"

थोंगमुआननं हातातला पाना खाली ठेवला. "मागच्या ॲक्सलमध्ये," तो म्हणाला. "दाते. क्राऊन-पिनियन. बारीक पिनियनचा संच घातला की इंजिन जास्त फिरतं, चाक कमी, आणि जोर वाढतो. हे मला सुचायला हवं होतं हो."

"तू चौथीच्या पुढे शिकलास ना, म्हणून."

विरुन तोंड पाडून म्हणाला, "पण आई, मग गाडी हायवेवर पळणार नाही."

"कोबीला कुठली ट्रेन गाठायचीय?"

मग निवड मी केली, एकेक वस्तू, जशी बाजारात मासळी करते: डोळे बघून. शहरातल्या भंगारबाजारात एका अपघातात चेपलेल्या, माल वाहणाऱ्या गाडीचे दाते मिळाले. विरुन तिथे चार तास चिखलात गुडघे टेकून दाते मोजत होता, आणि हे मला मान्य करायला हवं की तेव्हा त्यानं एकदाही "हो आई" म्हटलं नाही. त्याला ऐकूच येत नव्हतं. क्लच घेतला जाड, ओझ्याच्या गाडीचा. पेटीचं खोटं बोलणं सर्वांत खालच्या खुणेवर आणलं. घरात थोडं खोटं चालतं. मोठी गोगलगाय काढून जुनी परत बसवली. आणि हळू चालीत इंजिन तापतं म्हणून पुढच्या जाळीमागे मोठा रेडिएटर आणि हवा गार करणारा इंटरकूलर. थोंगमुआन बोट दाखवून म्हणाला, "मावशी, हिचं तोंड मोकळं ठेवा. हिला श्वास इथूनच आहे."

मी म्हटलं, "कळलं." आणि मला कळलंही होतं. पुढे जे झालं ते कळूनच झालं, म्हणून जास्त लाज वाटते.

मोठ्या टर्बोचं पुढे काय झालं तेही सांगते. तो थोंगमुआनकडे विकायला पडला होता. प्रानॉमला वाटलं बुआबानच्या गाडीतलं गुपित हेच, आणि तिनं तो लेकाकडून गुपचूप उचलवला. मी घे म्हटलं नाही. नको असंही म्हटलं नाही. दुसऱ्याच्या खरेदीत आपण बोलू नये.

नव्या दात्यांमुळे वेगाचा काटाही थापा मारायला लागला. गाडी साठनं चालली की काटा ऐंशी दाखवायचा. विरुन त्यातच खूश. पुन्हा वाळू, पुन्हा मी पुढे, आता दोन्ही टोकांना बघे जमलेले. आणि गाडी माझ्यामागून अशी आली, जशी नवी सून सासूमागून विहारात जाते. धूर नाही, वास नाही. बघ्यांनी शिट्ट्या मारल्या. कोणाला मारल्या ते मी विचारलं नाही.

मग मिरवणुकीचा दिवस.

सजावटीचं काम महिला मंडळाकडे. प्रत्येक घरातून हार आला. कोणाचा नाकारणार? हार नाकारणं म्हणजे त्या घराचं पुण्य नाकारणं. बॉनेटवर हार, आरशावर हार, जाळीवर एकावर एक अकरा. आणि देणगीदारांच्या नावांचा फलक. तो मी छापून आणला होता, गाडीएवढा रुंद, आणि त्यात वरती सगळ्यांत मोठ्या अक्षरांत: "घंटावाहक: बुआबान व परिवार." मास्तरांचं नाव खाली, प्रानॉमचं त्याहून खाली, कोपऱ्यात, भिंग घेऊन शोधावं असं.

विरुन जवळ आला. "आई, फलक बाजूच्या फाळक्यावर लावू का? पुढे जाळी..."

"बाजूला लावला तर वरून उतरणाऱ्याला वाचता येईल का?"

"नाही, पण..."

"मग पुढेच लाव."

"हो आई," तो म्हणाला. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं खरंच ऐकलं. नको तेव्हा.

घंटा चढवली. घंटेभोवती पवित्र दोरा, दोरा धरून आठ म्हातारे, मध्ये भंतेजी. मी पुढे विरुनशेजारी. ढोलवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं की ताल जरा चढा ठेव. निघालो. मागून प्रानॉमची लाल गाडी, शिट्टी वाजवत. चढ लागला. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, पाय नुसता टेकवलेला, आणि आमची करडी घंटा घेऊन पावलापावलानं वर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. मी काचेतून हात हलवत होते. माणसाला आयुष्यात असा हात थोड्याच वेळा हलवायला मिळतो.

वळणाच्या खाली विरुन हळूच म्हणाला, "आई. काटा."

तापमानाचा काटा लाल रेघेला टेकत होता. 

मागच्या म्हाताऱ्यांना गरम वाफेचा वास आला आणि संसदच भरली. "जोर दे!" "नको, थांब!" "पाणी ओता!" "मंत्राचं पाणी ओता!" प्रासित मास्तर पळत खिडकीशी आले: "विरुन, उष्णता म्हणजे काय हे आधी समजून घे—" मागून लाल गाडीचा हॉर्न, आणि प्रानॉमचा आवाज: "दोर आहे गं माझ्याकडे!"

विरुननं माझ्याकडे बघितलं. मग समोर बघितलं, काचेबाहेर, जिथे फलकाची वरची कड दिसत होती. थांबलो तर घंटा गेली. चालत राहिलो तर इंजिन जाईल. आणि श्वास कशानं कोंडलाय हे गाडीत बसलेल्या दोघांना माहीत होतं.

"थांबू नकोस," मी म्हटलं. "आणि जोरही देऊ नकोस. कोणी काही ओरडू दे. हीच चाल ठेव."

"आई, तुम्ही कुठे—"

मी दार उघडून उतरले. कमरेला चिंचा छाटायची कात्री होती. ती मी अंघोळीलाच काय ती काढते. गाडीपुढे गेले, तोंड गाडीकडे केलं आणि उलटी चालायला लागले. गाडी एक पाऊल, मी एक पाऊल. विरुनचे डोळे माझ्या पायांवर, पाय पेडलवर, आणि गाडी अशी एकसारखी की पुढच्या पत्र्यात आणि माझ्या पोटात एक वीत होती ती एक वीतच राहिली. पाठीमागे बायकांना वाटलं बुआबान उलटी नाचतेय. त्यांनी आरोळी ठोकली, ढोलवाला पेटला.

आधी देवीची परवानगी. मी धापा टाकत म्हटलं, "बाई, हार काढते. तुला उकडतंय, मला उकडतंय, पाया नंतर पडते." एकेक हार तोडून बाजूच्या बायकांकडे फेकला, ओरडले, "घंटेला घाला! घंटेला!" कोणाचं पुण्य वाया जायला नको. मग फलक. डावी दोरी तोडली. उजवी तोडली. फलक जाळीला चिकटून राहिला होता, पंख्यानं ओढून धरलेला. दोन्ही हातांनी धरून ओढला. माझं नाव मधोमध फाटलं, "बुआ" एका हातात, "बान" दुसऱ्या हातात. दोन्ही रस्त्याकडेच्या गटारात टाकली.

मी बाजूला झाले आणि गाडीबरोबर चालत विरुनच्या खिडकीकडे बघत राहिले. तो काट्याकडे बघत होता. मास्तर अजून ओरडत होते, म्हातारे ओरडत होते, कोणीतरी "रेस कर रे" म्हणत दारावर थापा मारत होतं. विरुनचा पाय हलला नाही. वळण आलं. वळण गेलं. मग त्यानं एक बोट वर केलं, आणि हळूहळू खाली आणलं.

काटा उतरत होता.

मडकंफोडीचा चढ आमच्या करड्या गाडीनं अडतीस मिनिटांत चढला, नाचणाऱ्या बायकांच्या मागून, एकदाही न थांबता. वर पोचल्यावर भंतेजींनी घंटेवर पहिला टोला दिला आणि तो खाली भातखाचरांपर्यंत गेला. माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती. बऱ्याच जणांच्या गेली.

तेव्हा कोणीतरी विचारलं, लाल गाडी कुठाय?

लाल गाडी वळणाखाली होती. रिकामी. मोठी गोगलगाय नाचाच्या चालीत दम धरेना, आणि प्रानॉमचा क्लच जळून आख्ख्या टेकडीवर कोळंबीच्या चटणीचा वास सुटला होता. विरुन घंटा उतरवून, कोणी न सांगता, दोर घेऊन खाली गेला. प्रानॉम आमच्या मागे बांधून वर आली. उतरली. तिची पावडर घामानं ओघळली होती. मला बोलायला वर्षभर साठवलेली नऊ वाक्यं होती. पण तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चांगली चढली गं." मी म्हटलं, "बस. चिकट भात आणलाय." नऊ वाक्यं पोटातच राहिली. अजून आहेत.

जेवताना लोक माझ्याभोवती. बुआबानची अक्कल, बुआबानची शिडी, बुआबानचा उलटा नाच. मास्तर तर सांगत होते की मुळात कल्पना भौतिकशास्त्राची. विरुन एका बाजूला उकिडवा बसून कोंबडीचा पाय चघळत होता. हात काळे, गुडघे काळे. त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. मी भाताची टोपली उचलली, त्याच्यासमोर नेऊन ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं,

"विरुन, मुलगा बिलगा म्हणणार नाही मी तुला, उगीच लाडात यायचं नाही. पण या गावात ड्रायव्हर एकच आहे, आणि तो माझ्या घरी जेवतो."